टाकेमामांची दुसरी

पडदा वर जातो तेव्हा माणूस दिसत नाही, दिसतात फक्त दोन पाय. जुन्या पिकअपच्या पोटाखालून ते बाहेर आलेले आहेत, कापडी बुटांतले, आणि मधूनच एक पाय दुसऱ्याची पोटरी खाजवतो आहे. उजेड डावीकडून, दुपारचा, पत्र्याच्या शेडच्या कडेवरून तिरपा पडलेला. मागच्या भिंतीला ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या पहारेकऱ्यांसारख्या उभ्या. गाडीचं बॉनेट उघडं आहे आणि त्याच्याआड एक उंच, पाठीत वाकलेला माणूस जाड लाल केबलचं टोक धरून उभा आहे. खालून बाईमाणसाचा आवाज येतो, "सोडा." तो हातभर केबल सोडतो. "बास." तो थांबतो. इतका शहाण्यासारखा थांबतो की बघणाऱ्याला वाटावं, याचा जन्मच दुसऱ्याच्या शब्दावर थांबण्यात गेला असेल. प्रत्यक्षात उलट होतं. शब्द त्याचा असायचा आणि थांबणारं माणूस वेगळं असायचं.

त्यांना सगळे टाकेमामा म्हणत. ट्रकवाले म्हणत, टायरवाला म्हणे, आणि वरच्या मजल्यावरच्या काकूही म्हणत, ज्या वयाने त्यांच्याहून दोन वर्षं मोठ्या होत्या. धंदा ताडपत्री शिवण्याचा. ट्रकवरची ताडपत्री फाटली की ती उतरवून दुकानापर्यंत आणायला चार गडी लागतात, म्हणून मामा मशीनच ट्रकापाशी नेत. पिकअपच्या हौद्यात, मधोमध, लोखंडी मेजावर ते पक्कं बसवलेलं होतं. काळं, बोजड मशीन, त्याला एक मोठं चाक आणि चाकाला लाकडी मूठ. जाड कापडाच्या चार घड्यांतून सुई पार करायची तर कापड दोन्ही हातांनी रेटावं लागतं. मग चाक फिरवायला तिसरा हात लागतो. तो हात सव्वीस वर्षं मामींचा होता.

मामी उलट्या खोक्यावर बसून चाक फिरवत. दोघांचं बोलणं तीन शब्दांचं. "चल" म्हटलं की चाक फिरे, "हळू" म्हटलं की सुई एकेक टाका मोजून घेई, आणि "थांब" म्हटलं की जिथे असेल तिथे कापडात रुतून उभी राही. बायको नवऱ्याचं ऐकते हे बघायचं असेल तर ट्रकतळावर या, असं ड्रायव्हर म्हणत. मामी त्यावर म्हणत की घरीही चाकच आहे, फक्त तिथे शब्द कोण टाकतं ते येऊन बघा. एकदा एका फिरत्या नाटक कंपनीचा मखमली पडदा सामान चढवताना उभा फाटला. कंपनीचा मालक रडकुंडीला आलेला, प्रयोग संध्याकाळचा. मामा-मामींनी तो पडदा ट्रकतळावर अंथरून तीन तासांत शिवला. म्हणतात की पहिल्या रांगेतल्यांनाही शिवण दिसली नाही. त्या दोघांना प्रयोग बघायला बोलावलं होतं, तर दोघं सगळा वेळ पडद्याकडेच बघत बसले आणि पडदा वर गेला तेव्हा मामी हिरमुसल्या.

तीन वर्षांपूर्वी मामी आठ दिवसांच्या तापात गेल्या. मामांनी महिनाभर मशीनवरचं आच्छादन काढलं नाही. मग एका रविवारी सकाळी लेक आली, दोन बस बदलून, अंगावर जुने कपडे घालून. हौद्यात चढली, खोक्यावर बसली आणि मूठ हातात धरून म्हणाली, "म्हणा चल."

तेव्हापासून रविवार तिचा झाला. आठवडाभर मामा ठिगळं लावत, रिंगा ठोकत, दोऱ्या ओवत, आणि मोठ्या शिवणी रविवारसाठी राखून ठेवत. बाप-लेक दिवसभर तेच तीन शब्द बोलत. मशीनच्या खडखडाटाने मामांचा डावा कान कधीच निकामी झालेला, त्यामुळे फार काही बोलून उपयोगही नसे. पण संध्याकाळी तिची बस वळणाआड गेली की मामा पुढच्या रविवारची बोटं मोजायला लागत. सहा बोटं. एक हात संपून दुसऱ्यावर जावं लागे, याचं त्यांना वाईट वाटे.

मग एका मंगळवारी जावयाचा फोन आला. जावई सालस, शब्द तोलून वापरणारा. त्याने आधी हवापाण्याची चौकशी केली, मग तब्येतीची, मग पुन्हा हवापाण्याची. मामांनी ओळखलं की गाडं कुठेतरी अडलंय. त्याला परदेशात पाच वर्षांचं काम मिळत होतं, दोघांनी मिळून जायचं. लेकीने सरळ नाही म्हटलं होतं आणि कारण सांगत नव्हती. कंपनीला महिनाअखेर उत्तर हवं होतं. तुमच्यामुळे ती नाही म्हणते असं मी म्हणत नाही, असं जावई दोनदा म्हणाला. तू म्हणू नकोस, मीच म्हणतो, असं सांगून मामांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्यांनी आडून आडून विषय काढला. माझं मी बघीन, मला काय धाड भरलीय, माणसाने फिरावं, जग बघावं, असं बरंच. लेकीने मूठ सोडली नाही की मान वर केली नाही.

"चाक कोण फिरवणार?" तिने विचारलं. "वरच्या काकू?"

मामा याचं उत्तर बाजारातून आणायला निघाले.

आधी त्यांनी एक मोटर आणली. पायाखालच्या पट्टीवर दाब दिला की चाक आपोआप फिरेल अशी. तिला वीज हवी, म्हणून इन्व्हर्टर आणला आणि तो गाडीच्या बॅटरीला जोडला. मोटर झकास चालली. तासाभराने मात्र गाडी चालू होईना. तिच्यातला सगळा जीव मोटरने पिऊन टाकला होता. सहा ड्रायव्हरांनी गाडी ढकलली आणि ढकलताना विचारून घेतलं की मामा, शिवायला आला होता की वरातीला. टायरवाल्याने शेवटी सांगितलं, हे तुमचं काम नाही, मीटरबाईंकडे जा.

मीटरबाई गाड्यांच्या वायरिंगचं काम करत. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने लटकवलेलं मीटर, आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास नाही. बॅटरी चांगली आहे असं गिऱ्हाईक म्हणालं की त्या "बघू" म्हणून मीटर लावत. आज उकडतंय म्हटलं तरी मीटरकडे बघतात अशी त्यांची टवाळी होई. त्यांनी मामांना नीट समजावलं. गाडीची बॅटरी धक्का द्यायला असते, संसार करायला नाही. दिवसभर थोडी थोडी खर्च होणारी बॅटरी वेगळ्या जातीची असते. ती हौद्यात पेटी करून बोल्टने बसवायची, समोरच्या बॅटरीपासून जाड केबल तिच्यापर्यंत न्यायची आणि दोघींच्या मध्ये एक रिले टाकायचा.

"गाडी चालू असली की दोघी एका ताटात जेवतील," मीटरबाई म्हणाल्या. "गाडी बंद केलीत की मधलं दार बंद. दुसरी पार रिकामी झाली तरी पहिली तुम्हाला घरी नेईल."

हे मामांना इतकं आवडलं की घरी पोचताच त्यांनी टायरवाल्याला फोन लावला. अंगणात उभं राहून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या माफक आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला पुरेल इतक्या. वरच्या काकू तेव्हा कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या कानी पडलं ते एवढंच:

"पहिली अचानक संपली की माणूस रस्त्यावर येतो, भोगलंय मी... आता दुसरी आणतोच... नवी कोरी आहे, वापरलेली नकोच म्हटलं... छे, घरात कशाला? गाडीत राहील, माझ्याबरोबर फिरेल... बुधवारी. बाईच सगळं जमवून देतायत."

काकूंच्या हातातला चिमटा खाली पडला. तो मामांच्या पायाशी आला. मामांनी तो उचलून वर फेकला आणि हसून हात केला. काकूंना तो हात नवरदेवाचा वाटला.

काकू मनाच्या वाईट नव्हत्या. त्यांनी ती गोष्ट दोन दिवस पोटात ठेवली, हे त्यांच्या पोटाच्या मानाने पुष्कळ झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला फोन केला. एकटा माणूस आहे, आम्ही काय म्हणणार, असं म्हणून बाकी सगळं म्हणाल्या.

आणि आता पुन्हा तो बुधवार, तो तिरपा उजेड, ते दोन पाय.

सकाळीच मीटरबाईंनी हौद्यात पेटी बसवली होती. बोल्टखालचा रंग खरवडून उघडं लोखंड काढलं, केबल जिथून पत्र्यातून जाते त्या भोकाला रबर लावलं, दोन्ही टोकांना फ्यूज टाकले. काम करताना त्या फारशा बोलत नसत. पण पेटीवर बसून डबा खाताना मामांनी विचारलं की घरी कोण कोण असतं, तेव्हा त्या म्हणाल्या, कुणी नाही, निघताना रेडिओ चालू ठेवते, म्हणजे संध्याकाळी कुलूप काढताना आतून कुणीतरी बोलत असतं. मामांनी डब्याचं झाकण लावलं. आपण असं काही करत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आपल्याला सुचलं का नाही याचं नवल वाटलं.

फाटक वाजलं. मामांनी बॉनेटच्या फटीतून पाहिलं. लेक. बुधवारी. अंगावर चांगले कपडे, हातात नवी पिशवी. ती गाडीपाशी आली, पायांजवळ थांबली आणि त्या पायांना उद्देशून म्हणाली, "नमस्कार. मी यांची मुलगी."

"बरं झालं आलात," पाय म्हणाले. "तो तेराचा पाना द्या जरा."

लेकीने पिशवी खाली ठेवली आणि पाना दिला. मामा बाहेर येणार होते, पण लेकीचा आवाज ऐकून जागीच उभे राहिले. पाहुण्यांशी बोलतानाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला आवाज होता तो.

"तुम्ही आता इथेच राहणार?"

"काम होईपर्यंत. तासाभरात मोकळी होते."

लेकीने यावर विचार केला. "ठरलं कधी तुमचं?"

"गेल्या आठवड्यात. यांनाच घाई. मी म्हणत होते, दमाने बसवू."

"काय बसवू?"

"दुसरी."

लेक वाकली. गाडीखाली बाई होती, बाईच्या पोटावर मीटर होतं आणि हातात लाल केबल. ती केबल जिथे जात होती तिथे तिची नजर गेली, हौद्यातल्या पेटीपर्यंत, आणि मग बॉनेटच्या आडून काळ्या हातांनी बाहेर आलेल्या बापापर्यंत. ती मटकन जमिनीवर बसली आणि हसायला लागली. काकूंचं नाव निघालं, चिमटा निघाला, नवी कोरी निघाली. मीटरबाई तोवर सरपटत बाहेर आल्या होत्या. त्यांनी शांतपणे पेटीतल्या बॅटरीला मीटर लावलं आणि म्हणाल्या, "बारा पूर्णांक सात दाखवतंय. लग्नाचं काही दाखवत नाही." मामा इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं.

पिशवीत दोन कपबशा निघाल्या. बापाच्या घरात धड एकच कप उरलाय हे लेकीला ठाऊक होतं. मामा त्या कपांकडे बघत राहिले. ती भांडायला आली नव्हती तर.

"पहिल्या बसमध्ये फार राग आला होता," लेक डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या बसमध्ये बसले आणि बरं वाटायला लागलं. खरंच बरं वाटलं, बाबा."

तिने ते हसत सांगितलं. मामांचं हसू मात्र तिथेच आटोपलं. एवढी वर्षं आपण लेकीच्या अंगावर किती वजनाने बसलो आहोत, हे त्यांना त्या एका वाक्यात कळलं. मीटर लावायचीही गरज नव्हती.

मीटरबाईंनी शेवटची जोडणी केली. गाडी चालू करून आकडा बघितला, बंद करून बघितला, पुन्हा चालू करून बघितला. मग मामांना म्हणाल्या, बसा मशीनवर. मामांनी ताडपत्रीच्या चार घड्या सुईखाली घेतल्या, हातभर अंतरावर खडूची खूण केली आणि पट्टीवर पाय दिला. मोटर गुणगुणली. चाक फिरायला लागलं, मूठ काढलेलं, नुसतं गोल चाक. सुई जाड कापडातून अशी जात होती जशी लोण्यातून. लेक सवयीने खोक्यावर जाऊन बसली होती. मामांचे दोन्ही हात कापड रेटत होते, डोळे खुणेवर. खूण आली.

"थांब," मामा म्हणाले.

मशीन थांबलं नाही. चार बोटं पुढे गेलं.

"मामा, तिला कान नाहीत," मीटरबाई म्हणाल्या. "पाय उचला."

मामांनी पाय उचलला. मग त्यांनी वळून पाहिलं. लेकीचा उजवा हात हवेत होता, मुठीच्या उंचीवर, मूठ धरल्यासारखा मिटलेला. आणि तो शब्दाबरोबर जागच्या जागी थांबला होता.

मीटरबाईंनी हत्यारं गोळा करायला घेतली. त्या कामात माणसाला पाठ करून उभं राहता येतं. निघताना त्यांनी मामांना दोन गोष्टी सांगितल्या, पेटीवर पाणी उडू देऊ नका आणि महिन्याने नट पुन्हा आवळा. फाटकापर्यंत गेल्यावर परत वळून आणखी काही सांगतील असं वाटलं, पण मीटर सारखं करून त्या गेल्या.

लेकीने पातं घेतलं आणि जास्तीचे टाके उसवायला बसली. इथे दिवे थोडे मंद करायला हवेत. मग तिने खाली मान घालूनच विचारलं की यांनी तुम्हाला फोन केला होता ना. मामा आधी कोण यांनी म्हणाले, मग हो म्हणाले. मला पाठवायला एवढा खटाटोप केलात, ती म्हणाली. मामांनी सांगितलं की तसं काही नाही, धंद्याला मोटर हवीच होती, जग पुढे गेलं, हाताने चाक फिरवणारा या तळावर मी एकटाच उरलो होतो. हे त्यांनी असं ठासून सांगितलं की त्यांचं त्यांनाच अर्धं पटलं. मी तिकडे मजेत राहणार आणि तुम्ही इथे, ती म्हणाली, आणि तिने पुढचा टाका उसवायला घेतला. मामा म्हणाले, मला कामं आहेत, माणसं आहेत, सकाळपासून कुणी ना कुणी डोकं खायला असतंच, तुझी आठवण काढायला फुरसत मिळाली तर कळवीन.

शेवटचा टाका उसवून तिने दोरा बोटाला गुंडाळला.

"मग रविवारी मी काय करायचं?" तिने विचारलं.

मामांना वाटलं, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. "झोप," ते म्हणाले. "उशिरापर्यंत झोप."

महिनाअखेर जावयाने कंपनीला हो कळवलं. त्यानंतरचे दोन रविवार लेक आली, पण मोटरपाशी तिला काम नव्हतं. ती खोक्यावर बसून राही, दोरे कापी, मामांना पाणी देई. तिसऱ्या रविवारी सामान बांधायचं होतं. मामांनी विमानतळावर यायचं टाळलं. मोठं काम अंगावर घेतलंय, नऊ ताडपत्र्या, शब्द देऊन बसलोय, असं सांगितलं. जावयाने गाडी पाठवतो म्हटलं, तेही नको म्हणाले.

लेक-जावई गेले त्या दिवशी रविवारच होता. मामा सकाळी ट्रकतळावर गेले. मोटर आल्यापासून मोठी शिवण कुठल्याही वारी होत होती, गुरुवारपर्यंत सगळं हातावेगळं होई, आणि रविवारला काही उरत नसे. तरी रविवारी घरात बसून राहणं त्यांना जमलं नाही. तळावर ट्रक रांगेने उभे होते, माणसं आपापल्या घरी. फाटकावरचा राखणदारही जेवायला गेला होता. मामांनी पिकअप नेहमीच्या जागी लावली, हौद्यात चढले, मशीनवरचं आच्छादन काढून घडी घातली आणि बसून राहिले. बाराच्या सुमाराला फोन वाजला. त्यांनी तो उजव्या कानाला लावला.

विमानात बसायला अजून अर्धा तास होता. लेकीने जेवलात का विचारलं, गोळ्या घेतल्या का विचारलं. मग थोडं थांबून म्हणाली, मशीनचा आवाज येत नाही.

आत्ताच टेकलो होतो घटकाभर, मामा म्हणाले, आणि बटण दाबलं. खाली पडलेला ताडपत्रीचा एक तुकडा त्यांनी सुईखाली सारला, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पट्टीवर पाय ठेवला. खडखडाट सुरू झाला. आता येतंय ऐकू, लेक म्हणाली, आणि तिच्या आवाजात जरा हुशारी आली. मग तिने विचारलं, कोण कोण आहे तिथे.

मामांनी समोर पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. टायरवाला आहे, तो नुसताच बडबडतोय, मदत शून्य. लांबच्या फेरीचे दोन ड्रायव्हर आहेत, त्यांना आज निघायचंय. राखणदार मघापासून चहा मागवतो म्हणतोय. मध्येच त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला आणि रिकाम्या तळाकडे बघून ओरडले की आलो, आलो, दम धरा जरा. आवाज ट्रकांच्या रांगेवर आपटून परत आला, आणि तो परत आलेला आवाज फोनमध्ये दुसऱ्या कुणाचा तरी वाटला असणार, कारण लेक हसली.

तुकडा संपला होता. सुई आता कापडाशिवाय नुसतीच खालीवर होत होती. तिकडे कुठल्याशा घोषणेचा आवाज आला. लेक म्हणाली, बाबा... मामांनी पाय तसाच दाबून धरला.

"ठेव आता पोरी," ते म्हणाले, "माणसं खोळंबलीत."